शिडीवर शिक्का

शुक्रवारी दुपारी निवडणूक कार्यालयाच्या फलकावर चिन्हवाटपाची यादी लागली. धाकटा मुलगा ती वाचून कारखान्यात परतला तेव्हा मिस्त्री लाकडी उतरणीवर शेवटचा रंधा मारीत होते. मतदान केंद्राच्या शाळेला नऊ उंच दगडी पायऱ्या होत्या, आणि ज्यांना त्या चढवत नाहीत त्यांच्यासाठी अशी उतरण हे घराणे गेल्या सात निवडणुका स्वखुशीने करून देत आले होते. एरवी त्यांचा धंदा शिड्यांचा. लाकडी, घडीच्या, दुकानातल्या, रंगाऱ्यांच्या, अशा शिड्या करण्यात तीन पिढ्यांची हयात गेली होती, आणि कारखान्याच्या दारावर पाटीच्या जागी बारा फुटांची एक शिडीच टांगलेली होती.

"बाबा, बँडवाल्याला चिन्ह मिळालं," धाकटा म्हणाला.

"मिळणारच. चिन्हाशिवाय उभा राहील कसा?"

"शिडी मिळाली."

रंधा जागच्या जागी थांबला. मिस्त्रींनी तो उचलला नाही, पुढेही ढकलला नाही. "कुणी दिली?"

"कुणी देत नाही, चिठ्ठ्या टाकतात. डॉक्टरीणबाईंना छत्री, कंत्राटदाराला बादली, माजी मुख्याध्यापिकांना टेबल, दूधवाल्याला बाकडं. बँडवाल्याच्या चिठ्ठीत शिडी निघाली." धाकट्याला अवघड प्रसंगी विनोद सुचण्याची जुनी खोड होती. "तीनशे बारा माणसांकडून आपण तीन महिने शिडीवर शिक्का मारून घेतलाय. दारावरची ती वेगळीच. बँडवाल्यानं गावभर वाजवत फिरून जेवढा प्रचार केला नसता, तेवढा आपण फुकटात केला, बाबा."

मिस्त्रींना हसू आले नाही.

मतदानाचे हे काम मिस्त्रींच्या वडिलांनी सुरू केले होते, आणि त्याला एकच नियम होता. लोकांची नावे यादीत घालावीत, त्यांना मतपत्रिका कशी असते, शिक्का कुठे मारावा, घडी कशी घालावी हे शिकवावे, ज्यांना चालवत नाही त्यांना गाडीने केंद्रापर्यंत न्यावे. पण कुणाला मत द्यावे याचा उच्चार या घरातल्या माणसाने करू नये. उच्चार तर राहोच, स्वतःचे मतही कुणी कुणाला सांगत नसे. मिस्त्रींची पत्नी चौतीस वर्षांच्या संसारानंतर गेली, तीही आपले मत बरोबर घेऊन. शहरातल्या पाचही उमेदवारांची माणसे एकमेकांवर विश्वास ठेवीत नव्हती, परंतु मिस्त्रींवर ठेवीत होती.

यंदाची सरावाची पत्रिका मिस्त्रींनी स्वतः काढली होती. खऱ्या चिन्हांची सावलीही पडू नये म्हणून त्यांनी मागच्या साऱ्या निवडणुकांच्या याद्या तपासल्या, आणि मग डोळ्यांसमोर जे होते ते रेखाटले: रंधा, पटाशी, करवत, काटकोन तपासायचा गुण्या आणि शिडी. दर शिकवणीला ते शिक्का उंच धरीत आणि म्हणत, "समजा, आपल्याला शिडीवर शिक्का मारायचाय." मग सगळे मारीत. धुलाई केंद्रातल्या बायका, वृद्धाश्रमातले लोक, उमेदीची वर्षे रात्रपाळीत घालवलेले चौकीदार; तीनशे बाराच्या तीनशे बारा.

"समजा म्हणालो होतो मी," मिस्त्री पुटपुटले.

धाकटा बाहेर गेला आणि दारावरची शिडी उतरवू लागला.

*

शनिवारी नोटीस आली. कंत्राटदाराच्या प्रतिनिधीची तक्रार होती, आणि सोमवारी अकरा वाजता सुनावणी. मतदान त्यापुढच्या रविवारी. खुलासा समाधानकारक नसल्यास सराव केंद्राची परवानगी रद्द होईल, तसेच केंद्राचे वाहन व मदतनीस यांना मतदानाच्या दिवशी शाळेच्या आवारात प्रवेश मिळणार नाही, असे तिच्यात लिहिले होते. धाकट्या सुनेने हे शेवटचे वाक्य दोनदा वाचले. ती लसीकरण केंद्रात परिचारिका होती आणि याद्या ठेवणे तिच्या हाडीमाशी खिळले होते. तीनशे बारांपैकी एकेचाळीस जणांच्या नावापुढे तिने लाल टिंब दिले होते. हे एकेचाळीस जण त्या गाडीशिवाय घराबाहेर पडूच शकत नव्हते.

रविवारी सकाळी थोरला मुलगा आला. कारखान्याच्या वाटणीवरून झालेल्या भांडणानंतर चौदा महिन्यांत तो या उंबऱ्याच्या आत आला नव्हता, आणि त्या भांडणात त्याच्या विरुद्ध सर्वांत ठाम बोलली होती ती धाकटी. तो वकील होता. आल्या आल्या त्याने कागदांची पिशवी कामाच्या ओट्यावर ठेवली आणि भुसा झटकून स्टुलावर बसला.

"बाबा, यात घाबरण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. "आपली पत्रिका छापली तीन महिन्यांपूर्वी. चिन्ह वाटलं परवा. आधी घडलेली गोष्ट नंतरच्या गोष्टीचा प्रचार कशी होईल? छापखान्याची तारीख दाखवू, योगायोग म्हणू, प्रकरण मिटलं."

"आणि लोकांचं काय?" धाकटीने विचारले.

"लोकांचं काय म्हणजे?"

"त्यांच्या हातांना शिडीची सवय लागलीय, दादा. तारीख दाखवून ती जाणार आहे का? मी म्हणते, आपण तीनशे बारा जणांकडे परत जाऊ. चूक झाली म्हणून सांगू. पुन्हा शिकवू."

"सहा दिवसांत? आणि लेखी कबुली देऊन? म्हणजे कंत्राटदाराच्या हातात आयतं कोलीत!"

"चूक, चूक काय लावलंय?" मिस्त्री आता उसळले. वादात ते कुणाला हार जात नसत. "उदाहरण म्हणजे आज्ञा नव्हे. गणिताच्या मास्तरांनी 'समजा पाच चेंडू' म्हटलं, म्हणून पोरं बाजारातून पाचच चेंडू आणतात का? माणसाला तेवढी अक्कल असते. लोकांना मूर्ख समजणं हाच त्यांचा अपमान आहे."

"बरोबर बोलतोय तो," आत्या कोपऱ्यातून म्हणाली. ती मिस्त्रींची थोरली बहीण. नवऱ्यामागे तीन वर्षांपूर्वी भावाकडे राहायला आली होती आणि त्या दिवसापासून प्रत्येक वादात भावाच्याच बाजूने उभी राहिली होती. "चाळीस वर्षं शिकवतोय माझा भाऊ. कालची पोरं त्याला शिकवायला निघाली! मी स्वतः शिकलेय त्याच्याकडून. मी काय मूर्ख आहे?"

धाकटी क्षणभर आत्याकडे पाहत राहिली. आत्याचे नाव यादीत यंदा प्रथमच आले होते. अर्ज धाकटीनेच भरला होता. सासरी इतकी वर्षे तिचे मत कुणी मोजलेच नव्हते. 'मी दिलं म्हणजे तू दिलंस' असे तिचे यजमान म्हणत, आणि तो विषय तिथेच संपे.

"नाही आत्या, तू मुळीच मूर्ख नाहीस," धाकटी हळूच म्हणाली. तिने एक कोरा कागद ओढला आणि पेन्सिलीने पाच चौकटी आखल्या. त्यांत चमचा, चावी, खुर्ची, शिडी आणि किटली अशी साधी चित्रे काढली. "ही नवी पत्रिका. यातलं तुझ्या मनाला येईल त्या चित्रावर..."

वाक्य पुरे होण्याआधीच आत्याने शिक्का शाईत बुडवला आणि ठसठशीत मारला. शिडीवर.

"झालं. एवढंच ना?"

धाकटीने कागद सगळ्यांना दिसेल असा ओट्यावर सरकवला.

"आत्या, शिडीवरच का मारलास?" तिने विचारले.

"म्हणजे? शिडीवरच मारायचा असतो ना? हा तीन महिने तेच तर सांगतोय."

"आणि खुर्चीवर मारला असता तर?"

"तर चुकलं असतं की. बाद झालं असतं." आत्याने आळीपाळीने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले. "काय झालं? अशी तोंडं का झाली तुमची? घडी चुकली का माझी?"

"घडी उत्तम आहे, ताई," मिस्त्री म्हणाले, आणि मग खाली बसले.

थोरल्याने वडिलांना वादातून असे गप्प झालेले आयुष्यात पाहिले नव्हते. लहानपणापासून त्याची फार इच्छा होती की एकदा तरी बाबा हरावेत. आता ते हरले होते. पिशवीत ज्या कागदाला हात लावायचा नाही असे तो घरून ठरवून आला होता, तोच त्याने बाहेर काढला.

"बाबा, योगायोग म्हणता येणार नाही आपल्याला."

"का?"

"हे मोकळ्या, म्हणजे उमेदवारांना वाटायच्या चिन्हांचं परिपत्रक. यंदा निवडणूक कार्यालयानं यादीत नवी चिन्हं घातली. पत्रिका छापायच्या पाच दिवस आधी हे माझ्या कचेरीत आलं होतं. चार पानं आहेत. शिडी तिसऱ्या पानावर आहे, नववी." तो थांबला. "तुम्ही पत्रिकेचा नमुना माझ्याकडे तपासायला पाठवला होता. मी त्यावर 'हरकत नाही' असं लिहून सही केली. परिपत्रक उघडलंसुद्धा नाही."

"का नाही उघडलंस?" धाकट्याने विचारले. या वेळी त्याला विनोद सुचला नाही.

"रागात होतो मी. या घरावर. नमुना आला आणि मला वाटलं, भांडण करून हाकलून द्यायचं आणि काम पडलं की कागद पाठवायचे. म्हटलं, घ्या तुमची सही."

धाकटीला आपल्या अंगात संताप चढताना जाणवला, आणि तो अर्ध्यावरच विरून गेला. पाच दिवस आधी कळले असते तर ही आपत्ती टळली असती, हे खरे. पण ही गोष्ट आज कुणालाही न सांगता हा माणूस निघून जाऊ शकला असता, हेही तितकेच खरे होते.

"दादा, चारही पानं आणलीत का?" तिने विचारले.

"आणलीत."

"मग वाचायला बसा. आपल्याला पुन्हा चित्रं काढायची आहेत."

थोरल्याने चष्मा काढून पुसला. तो पुसायला त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

"चित्रांचं नंतर," धाकटा म्हणाला. "आधी लोकांना सांगायचं काय? सोपं आहे. शिडीवर मारू नका म्हणायचं."

"की बँडवाला दुसरी तक्रार घेऊन हजर," थोरला म्हणाला. "आणि त्याचं बरोबर असेल. आधी आपण त्याचा प्रचार केला, आता त्याच्या विरुद्ध करू."

"म्हणजे शिडीचं नावही घ्यायचं नाही, आणि डोक्यातून शिडी काढायचीही?"

"मी हात शिकवला," मिस्त्री म्हणाले. "डोक्याचं राहून गेलं."

या वाक्याने आत्याचा पारा चढला. भावाच्या बाजूने उभे राहण्याचा तिचा तीन वर्षांचा नेम त्या क्षणी मोडला.

"डोकं आहे मला! तू शिकवायची गरज नाही. विचारलंस का कधी, ताई तुला काय हवंय? समजा शिडी, समजा शिडी! मला वांगं आवडत नाही, ठाऊक आहे तुला? जन्मात आवडलं नाही. सासरी चाळीस वर्षं गिळलं, कारण कुणी विचारलं नाही. आता मांड माझ्यासमोर पाच भाज्या आणि विचार, ताई, कुठली करू? मग बघू मी वांग्यावर शिक्का मारते का!"

मिस्त्री मान वर करून बहिणीकडे पाहत राहिले. धाकटीने पेन्सिल केव्हाच उचलली होती.

"भाजी," ती म्हणाली. "भाजीबद्दल मत नाही असा माणूस जगात नाही. चित्र कुणालाही ओळखता येतं. गुण्या कुणाला ओळखू येत होता, बाबा? सगळे शिडीवर मारत होते कारण बाकीचं काय आहे तेच कळत नव्हतं."

"गुण्या ओळखत नाहीत लोक?" मिस्त्रींना यात खरेच धक्का बसला.

"आडोशाला जाऊन शिक्का मारायचा," धाकटी बोलतच होती, "स्वतः घडी घालायची, पेटीत टाकायची. कुणी कुठली भाजी निवडली हे शिकवणाऱ्यालाही कळता कामा नये. आणि आपल्यापैकी कुणी मारून दाखवायचं नाही. एकदाही नाही."

"वांगं?" मिस्त्रींनी थोरल्याला विचारले.

थोरल्याने चारही पानांवरून बोट फिरवले. "वांगं नाही यादीत."

"बटाटा? कांदा?"

"नाहीत."

"गाजर?"

"गाजर आहे, दुसऱ्या पानावर. गाजर नको."

"असणारच," धाकटा म्हणाला. "गाजर दाखवल्याशिवाय निवडणूक होते का?"

चौदा महिन्यांनी ते सगळे एकाच गोष्टीला हसले. गाजराच्या जागी काकडी आली, आणि पाचवा मुळा.

*

निवडणूक अधिकारी बाईंच्या टेबलावर सोमवारी तीन तक्रारींच्या फायली होत्या आणि चौथी उभी होती. कंत्राटदाराच्या प्रतिनिधीशेजारी स्वतः बँडवाला, गणवेशाचा सोनेरी पट्टा लावून.

"यांचं केंद्र बंद करा," प्रतिनिधी म्हणाला. "तीनशे बारा मतं यांनी शिडीच्या पदरात टाकली."

"आणि आता परत शिकवून ती काढून घेणार म्हणे!" बँडवाला म्हणाला. "बाई, माझी तक्रार उलटी आहे. यांना शिकवूच देऊ नका."

"म्हणजे तुम्हा दोघांनाही केंद्र बंदच हवंय," बाई म्हणाल्या. "निदान एका गोष्टीवर तुमचं एकमत आहे. मिस्त्री, तुमचं म्हणणं?"

थोरला उभा राहणार होता. मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सर्वांना वाटले, आता ते वाद घालतील. त्यांनी संपूर्ण हकिगत सांगितली. एक शब्द गाळला नाही, आणि आत्याने शिडीवर शिक्का मारल्याची गोष्टही लपवली नाही.

"हेतू शुद्ध होता असं मी म्हणणार नाही," ते शेवटी म्हणाले. "तो शुद्धच होता, पण ज्याच्या हाताला सवय लागली त्याला माझ्या हेतूचा काय उपयोग? मला सहा दिवस द्या. शिडीचं नाव कुणी काढणार नाही, ना बाजूनं, ना विरुद्ध. या दोघांची माणसं दर शिकवणीला येऊन बसू देत."

थोरल्याने आपल्या चुकीचा स्वतंत्र कबुलीजबाब सही करून बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो वाचला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. "वकील स्वतःविरुद्ध पुरावा घेऊन आलेला मी पहिल्यांदाच पाहतेय."

मग त्यांनी आदेश लिहिला. शनिवारी सायंकाळी पाचपर्यंत तीनशे बाराच्या तीनशे बारा जणांची नवी शिकवणी झाली पाहिजे. एकही राहिला, तर रविवारी वाहन आणि मदतनीस आवाराबाहेर.

"आणि तुमच्या कारखान्यात शिकवणी नको," त्या म्हणाल्या. "तिथे किती शिड्या आहेत?"

"एकशे सहा."

"देवा!" बँडवाला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात नाही म्हटले तरी हळहळ होती.

*

ते पाच दिवस त्या कुटुंबाने कसे काढले याचे वर्णन पुढे बरीच वर्षे प्रत्येकाने आपापल्या परीने केले, आणि प्रत्येकाच्या वर्णनात स्वतःची पायपीट सर्वांत जास्त होती. धाकटीने रजा काढली. थोरला कचेरी बंद करून गाडी चालवू लागला, आणि धाकटीच्या शेजारी बसून, ती सांगेल त्या गल्लीत, ती सांगेल त्या दारापाशी थांबू लागला. धुलाई केंद्राच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींचा आडोसा केला. वृद्धाश्रमात जेवणघराच्या पडद्यामागे पेटी ठेवली.

दर शिकवणीनंतर मोजणी होई, आणि तिथे भलताच रंग भरे. धुलाईवाल्या बायकांत पहिल्या दिवशी मुळ्याने बटाट्यावर एका मताने मात केली, तेव्हा इस्त्रीवाल्या मावशींनी फेरमोजणी मागितली. कंत्राटदाराचा प्रतिनिधी टिपणवही घेऊन चुका शोधायला येत असे. तिसऱ्या दिवशी तो न राहवून म्हणाला, "एक पत्रिका मला द्या," आणि चादरीआड गेला. बाहेर आला तेव्हा मोजणी संपेपर्यंत जागचा हलला नाही.

आत्या दर शिकवणीला जाई. तिचे भाषण एकच होते. "माझ्या भावानं आधी चुकीचं शिकवलं. आता तो गप्प बसणार आहे. तुम्हाला काय आवडतं ते त्याला सांगू नका, मला सांगू नका, शेजारणीला तर मुळीच सांगू नका. तिला सांगितलंत तर मत गुपित राहणार नाही, आणि भाजीही तीच करावी लागेल."

मिस्त्री खरोखरच गप्प बसले. हात मांडीखाली दाबून, कारण शिक्का उचलून दाखवण्याची त्यांची चाळीस वर्षांची सवय त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती.

शनिवारी दुपारी चारला धाकटीच्या यादीवर तीनशे अकरा खुणा होत्या. राहिलेले नाव बँडवाल्याच्या आईचे होते. ती ऐंशीच्या पुढची, लाल टिंबवाली. गुरुवारी आणि शुक्रवारी दोनदा तिचे दार बंद मिळाले होते.

"मुद्दाम करतोय," धाकटा म्हणाला. "एक नाव अडवलं की आपली गाडी बंद."

"पुन्हा जाऊ," थोरला म्हणाला.

"बंद दारावर कितीदा जायचं, दादा?"

"पाच वाजेपर्यंत कितीही वेळा," धाकटी म्हणाली, आणि थोरल्याने किल्ली फिरवली.

गाडी धुलाई केंद्राच्या फाटकातून बाहेर पडणार तोच समोरून दोन वादक एक खुर्ची उचलून आणताना दिसले. खुर्चीवर म्हातारी होती आणि मागे घामाघूम झालेला बँडवाला.

"बहिणीकडे नेली होती तिला," तो कुणाच्याही डोळ्यांत न पाहता म्हणाला. "आज आईनंच विचारलं, माझ्यामुळे बाकीच्यांची गाडी बंद होणार का रे? काय सांगू तिला? घ्या. शिकवा."

म्हातारीने चादरीआड जाण्याआधी मिस्त्रींना दरडावले. "उद्या मी माझ्या लेकालाच देणार हो!"

"तुमचा प्रश्न आहे, आजी. मला सांगू नका. आज फक्त भाजी."

"भाजी मी लेकाच्या आवडीची नाही निवडणार," म्हातारी म्हणाली, आणि तिने ती कुठली निवडली हे कुणालाही कळले नाही.

चार वाजून पन्नास मिनिटांनी धाकटीने शेवटची खूण केली. पाच दिवसांची एकूण बेरीज थोरल्याने मोठ्याने वाचली. बटाटा अठ्ठ्याऐंशी, कांदा चौऱ्याहत्तर, काकडी एकसष्ट, मुळा पन्नास, वांगं चौतीस, बाद सहा; प्रतिनिधीची पत्रिका धरून तीनशे तेरा. शेवटची शिकवणी तपासायला आलेल्या निवडणूक अधिकारी बाईंनी आकड्यांचा तो कागद हातात घेतला. आधीच्या तीन महिन्यांतल्या साऱ्या पत्रिकांवर एकाच चौकटीत शिक्के होते, हे त्यांनी सोमवारी पाहिले होते. त्यांनी वाहनाच्या परवान्यावर सही केली.

"चौतीस जणांना वांगं आवडतं?" आत्या म्हणाली. "कमाल आहे लोकांची!"

*

रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या नऊ पायऱ्यांवर ती उतरण पक्की बसली. पहिली चाकाची खुर्ची तिच्यावरून वर गेली तेव्हा रांगेतून टाळ्या पडल्या. थोरला आणि धाकटी गाडीच्या फेऱ्या करीत होते. खिडकीतून दोघांचे भांडण ऐकू येत होते, पण ते रस्त्यावरून होते. दुपारी बारापर्यंत एकेचाळीसही लाल टिंबे शाईच्या बोटाने घरी परतली होती. बँडवाल्याची आई तर दोन वेळा वर जाऊ का म्हणून विचारत होती, उतरण आवडली म्हणून.

आत्या दीड वाजता आली. ठेवणीतले लुगडे नेसून, रांगेत उभी राहून, कुणाची मदत न घेता. मिस्त्री मदतनिसांसाठी आखलेल्या चुन्याच्या रेघेबाहेर उभे होते. उघड्या दारातून त्यांना आडोशाच्या पडद्याखाली बहिणीची पावले तेवढी दिसत होती.

एरवी माणसे अर्ध्या मिनिटात बाहेर येत होती. एक मिनिट झाले. दोन झाली. पडद्याखालची पावले हलली नाहीत. धाकटी गाडीतून उतरून सासऱ्यांशेजारी येऊन उभी राहिली, मागोमाग थोरला, आणि धाकटाही. तीन मिनिटे झाली. रांगेत कुजबुज सुरू झाली.

"गडबडली का हो?" धाकट्याने हळूच विचारले.

मिस्त्रींची नजर त्या पावलांवरच होती. गेल्या रविवारी याच बाईने वाक्य पुरे व्हायच्या आत शिक्का मारला होता.

आत एक कर्मचारी उठून पडद्याजवळ गेला. "आजी, काही मदत हवीय का?"

"मदत नको," आतून आत्याचा खणखणीत आवाज आला. "वेळ हवाय. ठरवतेय मी."

कर्मचारी जागेवर जाऊन बसला. रांगेतली कुजबुज थांबली. चुन्याच्या रेघेबाहेर ते चौघे उभे राहिले. मिस्त्रींचे डोळे भरून आले होते आणि ते पुसण्याची त्यांना मुळीच घाई नव्हती.